आठव्या पानावरून अडुसष्टाव्या पानावर

८ जून १९८४ रोजी अमेरिकेत 'घोस्टबस्टर्स' प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कच्या विद्यापीठातून हाकललेले तीन संशोधक भुतं पकडण्याचा धंदा काढतात. जुनं फायर स्टेशन घेतात, पाठीवर यंत्रं बांधतात आणि फोन आला की सायरन वाजवत निघतात. धंदा इतका वाढतो की तिघांना काम झेपत नाही. मग ते एक माणूस पगारावर ठेवतात. हा चौथा माणूस म्हणजे विन्स्टन झेडमोर. तिघं गोरे, चौथा काळा.

आपल्यापैकी अनेकांनी हा चित्रपट केबलवर किंवा मोबाइलवर पाहिला असेल, पोट धरून हसलोही असू. मीही हसलो. त्या हसण्याला माझा विरोध नाही. मला बोलायचंय ते त्या चौथ्या माणसाबद्दल आणि तो इतक्या उशिरा का येतो याबद्दल. भुतांच्या या चित्रपटात खरं भूत त्यालाच करून टाकलं होतं. तो पडद्यावर आहे, काम करतोय, जीव धोक्यात घालतोय, पण कोणाला फारसा दिसत नाही.

आधी हा चित्रपट कसा बनला ते पाहू, कारण तिथेच मेख आहे. मूळ कल्पना डॅन अॅक्रॉइडची. त्याने लिहिलेला पहिला मसुदा भलताच अवाढव्य होता. त्याने तो जॉन बेलुशी या मित्राला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता, पण मार्च १९८२ मध्ये बेलुशी वारला. पुढे दिग्दर्शक आयव्हन राइटमनने हॅरल्ड रेमिसला लेखनात आणलं आणि कथा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरवली. कोलंबिया पिक्चर्सने पैसे मोकळे केले, पण अट घातली की १९८४ च्या उन्हाळ्यात चित्रपट लागलाच पाहिजे. हातात जेमतेम वर्षभराचा अवधी, पटकथा अर्धवट, भुतं बनवणारा स्टुडिओ नव्याने उभा करायचा होता. त्यात 'घोस्टबस्टर्स' या नावावरून वाद, कारण जवळपास त्याच नावाची एक टीव्ही मालिका १९७५ मध्ये येऊन गेली होती. अशा धावपळीत १९८३ च्या शरदात न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण सुरू झालं.

विन्स्टनची भूमिका अर्नी हडसनला मिळाली होती. हडसन येलच्या नाट्यशाळेत शिकलेला नट. तेव्हा तो दोन मुलांना एकट्याने वाढवत होता. त्याला वाचायला दिलेल्या पटकथेत विन्स्टन सुरुवातीलाच, साधारण आठव्या पानावर येत होता. तो हवाई दलातला मेजर होता, स्फोटकांचा जाणकार होता. त्याला भूतकाळ होता, हुद्दा होता, ज्ञान होतं. या भूमिकेने आपलं आयुष्य बदलेल असं हडसनला वाटत होतं.

चित्रीकरणाच्या आदल्या रात्री त्याच्या हातात नवी पटकथा पडली. विन्स्टन आता अडुसष्टाव्या पानावर येत होता. हवाई दल गेलं, हुद्दा गेला, भूतकाळ गेला. उरला तो पगार मिळत असेल तर तुम्ही म्हणाल त्यावर विश्वास ठेवीन म्हणणारा एक गरजू माणूस. हडसनने २०१४ साली, चित्रपटाला तीस वर्षं झाली तेव्हा, हे सगळं एका साप्ताहिकात लिहिलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी त्याने सेटवर जाऊन दिग्दर्शकाला विनवलं. उत्तर मिळालं की आपल्याकडे बिल मरे आहे, स्टुडिओला त्याला जास्त काम द्यायचंय. हडसन म्हणाला, ठीक आहे, पण या मंडळींचा धंदा उभा राहतो तेव्हा मी निदान तिथे असू शकतो का? तेही जमणार नव्हतं.

'मी निदान तिथे असू शकतो का?' या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबलो. त्याने मोठे संवाद मागितले नाहीत, बिल मरेच्या वाट्याचं काही मागितलं नाही. आरंभी उपस्थित असण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. कारण जो आरंभी असतो तो संस्थापक ठरतो, आणि जो अडुसष्टाव्या पानावर येतो तो नोकर ठरतो. मग दोघांनी एकच यंत्र पाठीवर बांधलं असलं तरी काय फरक पडतो!

हे वाचताना मला माझ्या कॉलेजची एकांकिका आठवली. सैन्यातून गावी परतलेल्या मुलाची भूमिका मला मिळाली होती. महिनाभर तालमी झाल्या. स्पर्धेच्या आठवडाभर आधी दिग्दर्शकाने संहिता 'घट्ट' केली. सैन्यातला मुलगा गेला आणि माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं, 'साहेब, चहा.' दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'मनाला लावून घेऊ नकोस रे, नाटकाची गरज आहे.' कोणी मला जातीवरून बोललं नाही. म्हणून तक्रार तरी कशाची करणार? तालीम संपली की लेव्हल्स उचलायला, टेम्पोत नेपथ्य चढवायला मात्र मला आणि माझ्यासारख्याच आणखी एका मुलाला हक्काने हाक यायची. आम्हाला बक्षीस मिळालं. करंडक घेऊन मंचावर फोटो निघाला तेव्हा आम्ही दोघं मागच्या दाराशी टेम्पो भरत होतो. त्या फोटोत आम्ही नाही. आम्हाला कोणी काढलं नाही, आम्ही फक्त त्या वेळी तिथे नव्हतो.

हडसनही 'घोस्टबस्टर्स'च्या मूळ पोस्टरवर नव्हता. तिथे तिघंच होते.

इथे कोणी म्हणेल की यात वंशभेद कुठून आणला? बिल मरे मोठा विनोदी नट, त्याच्यामुळे तिकिटं विकली जाणार, स्टुडिओने धंद्याचा निर्णय घेतला. हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि माझं म्हणणं त्यातूनच सुरू होतं. हडसनसुद्धा कोणावर द्वेषाचा आरोप करत नाही. त्याच्या लिहिण्यात कडवटपणा कमी आणि बुचकळ्यात पडणं जास्त आहे. पण बिल मरे 'मोठा' कसा झाला होता? ज्या टीव्ही कार्यक्रमांतून, ज्या चित्रपटांतून तो वर आला तिथली दारं कोणाला सताड उघडी होती आणि कोणाला फटीएवढी? आधी एकाला मोठं होऊ द्यायचं, दुसऱ्याला होऊ द्यायचं नाही, आणि मग मोठेपणाच्या निकषावर दुसऱ्याची पानं कापायची. आपल्याकडे यालाच 'मेरिट' म्हणतात. यात द्वेष करणारा माणूस लागतच नाही. रचना ते काम आपोआप करते.

दुसरी गोष्ट. या चित्रपटाची निर्मिती घाईगर्दीची होती, सगळंच रोज बदलत होतं हे खरं. पण गोंधळात कोण कापलं जाईल हे गोंधळ ठरवत नाही. होडीत पाणी शिरलं की कोणाचं सामान आधी फेकायचं हे होडीत बसतानाच ठरलेलं असतं. कंपनीचा तोटा झाला की आधी कंत्राटी सफाई कामगार घरी जातो. अभ्यासक्रम 'हलका' करायचा म्हटलं की आधी आपला धडा जातो. संकटात घेतलेल्या निर्णयांना लोक 'नाइलाज' म्हणतात. हा नाइलाज पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने वाहत असेल तर त्याला नाइलाज म्हणू नये.

पुढची गोष्ट तर कोणी कथेत लिहिली असती तर अतिशयोक्ती वाटली असती. चित्रपट तुफान चालला, त्या काळच्या सर्वाधिक कमाईच्या विनोदी चित्रपटांत गेला. १९८६ मध्ये त्यावर मुलांसाठी कार्टून मालिका निघाली. विन्स्टनच्या आवाजासाठी हडसनने ऑडिशन दिली. स्वतःच साकारलेल्या पात्रासाठी त्याला परीक्षा द्यावी लागली, आणि तो त्यात नापास झाला! आवाज दिला आर्सेनिओ हॉलने. हॉलही काळाच, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण विन्स्टन हडसनचा नव्हता, स्टुडिओचा होता, हे यातून कळतं. आपलं गाणं, आपला ढोल, आपली लावणी बाजारात गेल्यावर तिचा मालक कोण असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तरीही विन्स्टन मेला नाही. कापून कापून उरलेल्या त्या भूमिकेत हडसनने असं काही भरलं की लोकांनी त्याला आपलं मानलं. विद्यापीठाच्या तोऱ्याने बोलणाऱ्या तिघांमध्ये साधं, सरळ, आपल्यासारखं बोलणारा तोच एक. अमेरिकेतल्या काळ्या मुलांना तो गणवेश घालून विन्स्टन होता आलं. अलीकडच्या, २०२१ आणि २०२४ च्या चित्रपटांत विन्स्टन यशस्वी उद्योजक झालेला दिसतो आणि या सगळ्या उद्योगाला पैसा तोच पुरवतो. चाळीस वर्षांनी का होईना, लेखकांना हिशेब चुकता करावासा वाटला. तो चुकता झाला यात हडसनच्या संयमाचा वाटा मोठा, प्रेक्षकांच्या प्रेमाचा त्याहून मोठा. पण ऐन उमेदीची वर्षं कोणी परत देऊ शकत नाही.

२०१६ मध्ये हाच चित्रपट पुन्हा नव्याने बनला, या वेळी चार स्त्रियांना घेऊन. दिग्दर्शक पॉल फीग. पुरोगामी प्रयोग म्हणून त्याचं कौतुक झालं. पण चौघींची मांडणी बघा. तिघी गोऱ्या, तिघी शास्त्रज्ञ. चौथी काळी, मेट्रोच्या स्टेशनात काम करणारी. बत्तीस वर्षांत पुरुषांच्या जागी बायका आल्या, पण चौथ्याची जागा जिथल्या तिथे राहिली. लिंगभाव बदलला, उतरंड तशीच. सवर्ण स्त्रीवादाशी आपल्या आयाबहिणींनी जे वाद घातले ते ज्यांना माहीत आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

ही भूमिका लेस्ली जोन्सने केली. टीका झाली तेव्हा तिने उलट विचारलं की साध्या कामगार बाईने भूत पकडू नये का? हा प्रश्न बरोबर आहे. मेट्रोत तिकीट देणं हलकं नाही. झाडू मारणं, मैला उचलणं, चामडं कमावणं यातलं काहीच माणसाला हलकं करत नाही. प्रश्न कामाचा नाही, वाटपाचा आहे. ते काम दर वेळी त्याच माणसाकडे का जातं, आणि प्रयोगशाळेचा पांढरा कोट दर वेळी दुसऱ्याकडेच का जातो?

पुढे आपल्या आत्मकथनात जोन्सने लिहिलं की तिला या चित्रपटासाठी सुरुवातीला ६७ हजार डॉलर देऊ केले होते, आणि भांडून तिने ते दीड लाखावर नेले. चित्रपटाचा खर्च १४ कोटी डॉलरच्या वर होता. निर्मितीही वादांतच अडकली. पुढे फेरचित्रीकरणाच्या वाढीव खर्चावरून अॅक्रॉइडने दिग्दर्शकावर जाहीर टीका केली, स्टुडिओने तो आकडा फेटाळला. प्रदर्शनाआधीच ट्रेलरवर नापसंतीचा पाऊस पडला. जुलै २०१६ मध्ये चित्रपट लागला आणि ट्विटरवर जोन्सवर झुंड तुटून पडली. तिची तुलना माकडांशी केली गेली. ती काही काळ ट्विटर सोडून गेली. पुढच्याच महिन्यात तिची वेबसाइट हॅक करून खासगी छायाचित्रं पसरवली गेली. चित्रपटात चौघी होत्या, पण इतकं टोकाचं विष आलं ते चौथीच्या वाट्याला. दलित मुलगी ऑनलाइन मत मांडते तेव्हा तिच्या वाट्याला काय येतं हे या पोर्टलच्या वाचकांना ठाऊक आहे. स्त्री म्हणून एक शिवी, आणि जात म्हणून त्यावर दुसरी.

आता घरी येऊ. वंश आणि जात एक नाहीत, पण त्यांची ओळख जुनी आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपलं नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. म्हणून विन्स्टनची गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही. फरक एवढाच की विन्स्टन निदान अडुसष्टाव्या पानावर तरी येतो. आपल्याकडच्या भयविनोदी चित्रपटांत आपला माणूस येतो का?

'घोस्टबस्टर्स'ला चाळीस वर्षं व्हायला एक दिवस बाकी असताना, ७ जून २०२४ रोजी, 'मुंज्या' आला. आदित्य सरपोतदारने दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट कोकणात घडतो. 'स्त्री', 'भेडिया'च्या पठडीतला, आणि चांगला चालला. मुंज्या म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधीच मेलेल्या मुलाचं पिंपळावरचं भूत. आता मुंज कोणाची होते? माझ्या वस्तीत कोणाची झालेली मी पाहिली नाही. म्हणजे हे जातीचं भूत आहे, अगदी व्याख्येनेच. पण चित्रपट त्याला 'कोकणची दंतकथा' म्हणून सर्वांसमोर ठेवतो, जणू जानवं म्हणजे नारळीपौर्णिमेसारखी सगळ्या गावाची गोष्ट. ब्राह्मणी ते सार्वत्रिक आणि बाकीचं ते 'जातीय', हा नियम भुतांनाही लागू आहे.

खरं तर कोकणच्या भुतांची यादी म्हणजे गावगाडाच आहे. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध. त्याचा बटू मेला तर मुंज्या. शूद्र मेला तर देवचार. महार-मांग मेला तर खवीस, आणि काही ठिकाणी मुसलमान मेला तर खवीस. बाळंतिणीची, विधवेची भुतं वेगळी. मेल्यावरही माणूस आपल्या पायरीवरच बसतो! विनोदी चित्रपटासाठी याहून मोठा विनोद कोणता हवा? देवचाराने ब्रह्मसमंधाच्या पिंपळावर जागा मागितली तर काय होईल? पण हा विनोद लिहायला ती यादी खालून वाचणारा माणूस लागतो. वरून वाचणाऱ्याला ती फक्त रंजक वाटते.

'मुंज्या'तली आणखी एक गंमत सांगतो. त्यात भूत उतरवणाऱ्याची भूमिका सत्यराजने केली आहे. हिंदी प्रेक्षक त्याला कटप्पा म्हणून ओळखतात. तामिळ प्रेक्षक त्याला आणखी एका भूमिकेसाठी ओळखतात. २००७ च्या 'पेरियार' चित्रपटात तो पेरियार झाला होता. ज्या पेरियारांनी जन्मभर ब्राह्मणी कर्मकांडावर घाव घातले, त्यांना साकारणारा नट जानव्याचं भूत उतरवायला येतो. यात किती मोठी शक्यता होती! ती शक्यता कोणी नाकारली असेल असं मला वाटत नाही. ती बहुधा कोणाला सुचलीच नाही. आणि न सुचणं हेच लेखकांच्या टेबलाभोवती कोण बसलंय याचं लक्षण आहे.

टेबलाशी आपला माणूस बसला की काय होतं त्याची उदाहरणं आहेत. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या काळ्या चिमणीच्या मागे लागतो, कारण तिची राख टाकली की शालू वश होईल असं त्याला सांगितलेलं असतं. तीही जादूटोण्याचीच गोष्ट. पण ती जादू का हवी आहे, हे सरळ मार्ग बंद असलेल्या पोराच्या डोळ्यांतून दिसतं. मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ'मध्ये (२०१८), ज्याचा निर्माता पा. रंजित होता, मारलेली काळी कुत्री करुप्पी पुन्हा पुन्हा दिसते. ते भूत घाबरवत नाही, सोबत करतं. दोन्ही चित्रपटांत आपला माणूस पहिल्या पानावर आहे, कारण पहिलं पान त्यानेच लिहिलंय.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. 'प्रतिनिधित्व' म्हणून पोस्टरवरचे चेहरे मोजत बसू नका. २०१६ च्या पोस्टरवर चारही चेहरे होते, तरी उतरंड हलली नाही. चित्रपट असो, नाटक असो, विद्यापीठाची समिती असो की पक्षाची यादी, तीन प्रश्न विचारा. आपला माणूस कितव्या पानावर येतो? तो येतो तेव्हा त्याला भूतकाळ आणि ज्ञान असतं, की फक्त गरज? आणि आदल्या रात्री पानं कापायची वेळ आली तर कात्री कोणाच्या हातात असते?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अर्नी हडसनकडे हुन्नर होतं, शिक्षण होतं, मेहनत होती. कात्री नव्हती. आपल्या मुलांना अभिनय शिकवा, जरूर शिकवा. पण त्याआधी लिहायला शिकवा, संकलन शिकवा, हिशेबाच्या वह्या वाचायला शिकवा. वस्तीतल्या वाचनालयात आम्ही काही जण रविवारी पोरांना गोष्टी लिहायला बसवतो. मागच्या महिन्यात एका सातवीतल्या मुलीने भुताची गोष्ट लिहिली. तिच्या गोष्टीतलं भूत खवीस आहे. ते गावच्या विहिरीवर राहतं आणि जो कोणी पाणी भरू देत नाही त्याचीच घागर फोडतं. पोरं खूप हसली. तिचा खवीस पहिल्याच ओळीत येतो.